माजी खेळाडू आणि मार्गदर्शकांचा गौरव : शाळेच्या नोंदवहीपासून शिवछत्रपती पुरस्कारापर्यंत

जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोदावरीच्या काठाने पसरलेला घनसावंगी हा तालुका. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. १६०८ साली येथे जन्मलेल्या समर्थांनी पुढे बलोपासनेचा पुरस्कार केला आणि ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली, हा इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. शरीर कमावणे हेही एक व्रत आहे, हा विचार ज्यांच्या नावाशी जोडला जातो, त्यांच्या जन्मभूमीत खेळाडूंच्या सन्मानाचा विषय काढणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत गुणगौरव समारंभ नवे नाहीत. स्नेहसंमेलनात त्या वर्षीच्या विजेत्यांना प्रशस्तिपत्र मिळते, टाळ्या वाजतात, छायाचित्र निघते. मात्र दहा-वीस वर्षांपूर्वी ज्या मुलाने अथवा मुलीने शाळेचे नाव विभागापर्यंत, राज्यापर्यंत नेले, त्यांचे नाव आज शाळेत कुणाला ठाऊक असते काय? आणि ज्या शिक्षकाने सुटीच्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेघा मारून त्यांना घडवले, त्याची नोंद कोठे सापडते? बहुतेक ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नाहीत. माजी खेळाडू आणि मार्गदर्शक यांच्या गौरवाची व्यवस्था महाराष्ट्रात कशी आहे, तिचा इतिहास काय सांगतो आणि त्यात शाळेचे स्थान कोणते, याचा हा आढावा.

पहिली पायरी शाळेचीच

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले व मुली असे त्यांचे वयोगट आहेत. राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालये यांच्याकडे या स्पर्धांची जबाबदारी असते. घनसावंगीच्या शाळेतील एखाद्या धावपटूला राज्य स्पर्धा गाठायची असेल, तर तालुक्यातून जालन्याला आणि तेथून छत्रपती संभाजीनगर विभागाच्या स्पर्धेला असा प्रवास करावा लागतो.

या प्रवासातील प्रत्येक कागदाला पुढे मोल असते. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. मध्यंतरी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर या पडताळणीला अधिकच महत्त्व आले. अशा वेळी खऱ्या खेळाडूची बाजू भक्कम करते ती जुनी नोंद. कोणत्या वर्षी, कोणत्या गटात, कोणत्या संघातून तो खेळला, ही माहिती सर्वांत आधी शाळेच्या दप्तरात उमटलेली असते. शाळेने ती जपली, तर गौरवाचाही पाया तयार होतो. ती हरवली, तर खेळाडू आपल्याच गावात अनोळखी होतो.

राज्याचे आणि देशाचे पुरस्कार

महाराष्ट्र शासनाने १९६९-७० पासून शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार सुरू केले. राज्यातील खेळाडूंसाठी हा सर्वोच्च मान समजला जातो. खेळाडूंबरोबरच मार्गदर्शक, दिव्यांग खेळाडू आणि साहसी क्रीडा प्रकारांतील कामगिरी यांचाही या पुरस्कारांत समावेश आहे. क्रीडा क्षेत्रासाठी आयुष्य वेचलेल्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. मार्गदर्शकांचा पुरस्कार पूर्वी दादोजी कोंडदेव यांच्या नावाने दिला जात असे. आता तो उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शक पुरस्कार म्हणून ओळखला जातो.

राष्ट्रीय पातळीवर अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. मार्गदर्शकांसाठी स्वतंत्र द्रोणाचार्य पुरस्कार सुरू होण्यास मात्र १९८५ साल उजाडले. म्हणजे शिष्याच्या सन्मानानंतर गुरूच्या सन्मानाची व्यवस्था होण्यात २४ वर्षे गेली. पहिल्या वर्षीच्या तीन मानकऱ्यांमध्ये पी. टी. उषा यांचे मार्गदर्शक ओ. एम. नांबियार आणि मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज यांच्यासमवेत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे होते. २००२ मध्ये क्रीडा क्षेत्रातील आजीवन योगदानासाठी ध्यानचंद पुरस्कार आला. २०२४ च्या पुरस्कारांपासून त्याची जागा अर्जुन जीवनगौरव पुरस्काराने घेतली.

या पुरस्कारांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ते मोजक्यांनाच मिळू शकतात आणि त्यांचा निकष आंतरराष्ट्रीय वा राष्ट्रीय कामगिरी हा असतो. तालुक्याच्या शाळेत खेळाडूला पहिल्यांदा मैदानावर उभे करणारा शिक्षक या निकषांत सहसा बसत नाही. त्याची दखल घेण्याचे काम शाळा आणि गाव यांच्यावरच येऊन पडते.

खाशाबा : सन्मानाला झालेला विलंब

गौरव वेळेवर न झाल्यास काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर येथे जन्मलेल्या खाशाबांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. कुस्तीचे बाळकडू त्यांना घरातच, वडिलांकडून मिळाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. मातीत वाढलेला हा मल्ल मॅटवरच्या कुस्तीला सरावलेला नव्हता. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैशांची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी, परिचितांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर देशाला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. मधली ४४ वर्षे खाशाबा या यादीत एकटेच होते.

परतल्यावर त्यांचा पहिला सन्मान केला तो त्यांच्याच मुलखाने. कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे ऋण फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची वर्षे पाहिली की मन विषण्ण होते. शिवछत्रपती पुरस्कार त्यांना १९९० च्या दशकात, मरणोत्तर देण्यात आला. अर्जुन पुरस्कारही २००० चा आणि मरणोत्तरच. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव मिळाले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला आणि २०२४ पासून तो साजरा होऊ लागला. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून अस्तित्वात होता. खाशाबा त्यानंतर २३ वर्षे हयात होते. पण त्यांच्या वाट्याला तो जिवंतपणी आला नाही.

या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शासनाच्या आणि देशाच्या कितीतरी आधी ज्यांनी खाशाबांचे मोल ओळखले, ते त्यांचे गाव, त्यांचे गावकरी आणि त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. जवळच्या माणसांना जे दिसते, ते दूरच्या व्यवस्थेला दिसण्यास वेळ लागतो. शालेय पातळीवरील सन्मानाची उपयुक्तता नेमकी येथे आहे.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही याच जातीचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैली जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये, तर अर्जुन जीवनगौरव पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. पदक आणि पद्मश्री यांमध्ये ४६ वर्षांचे अंतर आहे. सुदैवाने पेटकर यांना हे दोन्ही सन्मान स्वतःच्या हातांनी स्वीकारता आले.

शाळा, मैदान आणि गुरू

शाळा आणि मार्गदर्शक यांचा मेळ जमला की काय घडते, हे मुंबईच्या दादर भागातील शारदाश्रम विद्यामंदिराने दाखवून दिले. क्रिकेट मार्गदर्शक रमाकांत आचरेकर यांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकरने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात प्रवेश घेतला. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिनच्या नाबाद ३२६, तर विनोदच्या नाबाद ३४९ धावा होत्या. एका शालेय सामन्याची दखल क्रिकेटविश्वाने घेतली.

आचरेकर स्वतः केवळ एक प्रथम श्रेणी सामना खेळले होते. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर विक्रम नाहीत. तरी १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. ज्या मैदानावर ते यष्टीवर नाणे ठेवून फलंदाजांची परीक्षा घेत, त्याच मैदानावर त्यांची आठवण कायम झाली, हे औचित्यपूर्ण म्हणावे लागेल. चांगला मार्गदर्शक स्वतः मोठा खेळाडू असलाच पाहिजे असे नाही, हा धडाही त्यांच्या आयुष्यातून मिळतो. गौरवाचे निकष ठरवताना शाळांनी तो लक्षात ठेवावा.

शिष्य आणि गुरू यांचा एकाच वेळी सन्मान झाल्याचे अलीकडचे उदाहरण नेमबाजीतील आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक जिंकले. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात त्याला अर्जुन, तर त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार प्रदान करण्यात आला. देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सहभागी झाल्या होत्या. माजी खेळाडूने मार्गदर्शक व्हावे आणि दोघांचा मान एकाच सोहळ्यात व्हावा, यापेक्षा चांगला योग कोणता?

मराठवाड्याची वाट

सुविधा तोकड्या असल्या, तरी मराठवाड्यातून खेळाडू घडलेच नाहीत असे नाही. धाराशिवची सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाने सुवर्णपदक पटकावले. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्या जडणघडणीत मार्गदर्शक चंद्रजित जाधव यांचा वाटा मोठा आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करीत असे. सैन्यात दाखल झाल्यानंतर तो अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्य, तर २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

खुद्द जालन्याने विजय झोल दिला. २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा करणारा हा फलंदाज २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. कुस्तीचा मोठा सोहळाही जालन्याने अनुभवला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा येथे भरली आणि बुलडाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला नमवून गदा उंचावली. त्या आखाड्याभोवती बसलेल्या हजारो प्रेक्षकांत आपापल्या गावचे जुने मल्ल आणि वस्तादही होते. त्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नसतील.

परदेशातील परिपाठ

अमेरिकेत शाळेच्या माजी खेळाडूंचा गौरव ही रुजलेली प्रथा आहे. तेथील अनेक माध्यमिक शाळांच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर सन्मानित खेळाडूंची नावे आणि छायाचित्रे झळकतात. या कल्पनेचा आदर्श कूपर्सटाऊन येथील बेसबॉल गौरव दालनाने घालून दिला. ते १९३९ मध्ये खुले झाले. निवृत्तीनंतर काही वर्षे उलटल्याखेरीज खेळाडूचा विचार करायचा नाही, हा तेथील दंडक. १९८२ मध्ये शालेय खेळांसाठी राष्ट्रीय पातळीवरील गौरव दालन सुरू झाले. खेळाडू, मार्गदर्शक, पंच आणि प्रशासक या सर्वांना त्यात स्थान आहे.

या प्रथेतील दोन गोष्टी अनुकरणीय आहेत. एक म्हणजे काळाची कसोटी. तात्कालिक उत्साह ओसरल्यावर जे टिकते, त्याचाच विचार होतो. दुसरी म्हणजे पंच आणि प्रशासकांसह सर्व घटकांची दखल. पैसा आणि इमारत यांच्या बाबतीत आपल्या ग्रामीण शाळांची तुलना तेथील शाळांशी होऊ शकत नाही. पण या दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती शिस्त.

शाळेने गौरव कसा करावा?

घनसावंगीसारख्या तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेला हा उपक्रम सुरू करायचा झाल्यास आधी नोंदी शोधाव्या लागतील. शाळेचे जनरल रजिस्टर, जुनी प्रमाणपत्रे, संघांच्या याद्या, स्पर्धांचे निकाल, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि निवृत्त शिक्षकांच्या आठवणी ही त्यासाठीची साधने आहेत. आठवणीतून मिळालेली माहिती कागदाशी ताडून पाहावी. जी सिद्ध होत नाही, ती फलकावर लिहू नये. चुकीचे एक नाव लागले, तर बाकीच्या खऱ्या नावांवरही संशय येतो.

त्यानंतर निकष ठरवावेत आणि ते आधीच जाहीर करावेत. शाळा सोडून किमान पाच किंवा दहा वर्षे झालेल्यांचाच विचार करावा. मुले आणि मुली यांना सारखे स्थान द्यावे. विवाहानंतर मुलींची आडनावे बदलतात आणि त्या गावाबाहेर जातात, त्यामुळे त्यांचा शोध अधिक नेटाने घ्यावा लागतो. दिव्यांग खेळाडूंचा वेगळा उल्लेख करण्याऐवजी त्यांना याच यादीत मानाने घ्यावे. सांघिक खेळात एकट्या कर्णधाराऐवजी संपूर्ण संघाची नोंद करावी.

मार्गदर्शकांचा गट स्वतंत्र असावा. त्यात निवृत्त क्रीडाशिक्षक येतीलच. परंतु शाळेच्या पगारपत्रकावर नसलेला गावचा वस्ताद, कबड्डीचा सराव घेणारा जुना खेळाडू, स्पर्धेला मुलींसोबत जाणाऱ्या शिक्षिका यांनाही विसरू नये. गणित वा भाषा शिकवता शिकवता मैदान सांभाळलेल्या शिक्षकांची नोंद तर कोठेच सापडत नाही. त्यांच्या शिष्यांना विचारल्याशिवाय ती मिळणारही नाही.

निवड समितीत मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, एखादा माजी खेळाडू आणि शाळेशी संबंध नसलेली एक जाणकार व्यक्ती असावी. देणगी देणाऱ्याचे नाव खेळाडूंच्या यादीत मिसळू नये. समारंभात पाहुण्यांची भाषणे लांबतात आणि सत्कारमूर्तींना दोन मिनिटेही बोलता येत नाही, हा अनुभव नवा नाही. शाल-श्रीफळ आटोपशीर ठेवून मानपत्र मात्र काळजीपूर्वक लिहावे. खेळाडू कोणत्या वर्षी कोठे खेळला, त्याने काय मिळवले आणि त्याला कोणी शिकवले, हे त्यात स्पष्ट असावे. तीच नोंद पुढच्या पिढीसाठी इतिहास ठरते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वयोवृद्धांना प्राधान्य द्यावे. जे ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचा सत्कार पुढच्या वर्षावर ढकलू नये. मरणोत्तर सन्मानाने कुटुंबाला समाधान मिळते, हे खरे. पण ज्याने घाम गाळला, त्याला तो पाहता येत नाही.

दिवसही ठरलेलेच आहेत

अशा समारंभासाठी मुहूर्त शोधण्याची गरज नाही. २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिन देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिन राज्याचा क्रीडा दिन आहे. यांपैकी खाशाबांचा दिवस माजी खेळाडूंच्या गौरवाला अधिक साजेसा. ज्या मल्लाला हयातीत राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही, त्याच्या जन्मदिनी गावोगावच्या शाळांनी आपल्या हयात खेळाडूंना आणि त्यांच्या गुरूंना बोलावून घ्यावे. जांबच्या परिसरातील एखाद्या शाळेच्या पटांगणात जुना खेळाडू आणि त्याचे वृद्ध शिक्षक शेजारी शेजारी बसलेले दिसले, तर समोरच्या मुलांना खेळाचे मोल समजावून सांगण्यासाठी वेगळ्या भाषणाची आवश्यकता उरणार नाही.